प्रभावतीगुप्ता
(इ. स. चौथ्या शतकाचा उत्तरार्ध–पाचव्या शतकाचा पूर्वार्ध). विदर्भातील वाकाटक राजवंशाच्या नंदिवर्धन शाखेतील दुसरा रुद्रसेन याची पट्टराणी, गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त विक्रमादित्य याची कन्या आणि वाकाटक नृपती दामोदरसेन व दुसरा प्रवरसेन यांची माता. पतीच्या अकाली निधनानंतर अल्पवयी पुत्राच्या नावे तिने किमान तेरा वर्षे राज्यकारभार पाहिला. प्राचीन भारतात ज्या मोजक्या स्त्रियांनी स्वतःच्या नावाने राजशासने काढली, त्यांत तिची गणना होते. पुराणांत वाकाटकांच्या आरंभीच्या राजांचे उल्लेख येतात. प्रभावतीगुप्तेचा येत नाही. तिचे चरित्र सर्वस्वी पुराभिलेखांवर आधारलेले आहे. पुणे, रिद्धपूर (जि. अमरावती) व मिरेगाव (जि. भंडारा) येथील तिचे स्वतःचे तीन ताम्रपट, प्रवरसेनाच्या ताम्रपटांतील वंशावळ, रामटेक येथील केवल नरसिंह मंदिरातील शिलालेख आणि नगरधन येथील उत्खननात मिळालेला मातीचा मुद्रांक ही त्याची प्रमुख साधने होत. नकाशावर पाहता रिद्धपूर काटोलच्या पश्चिमेस, तर रामटेक व नगरधन पूर्वेस आहेत. काटोल–नागपूरचा टापू अशा रीतीने तिच्या लेखांच्या दोन टोकांमध्ये पडतो.

या राणीचे महत्त्व केवळ तिच्या कर्तृत्वापुरते नाही. सबंध वाकाटक इतिहासाची कालनिश्चिती तिच्या एका ताम्रपटावर उभी आहे. वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेचे राजे आपल्या दानपत्रांत कोणत्याही संवताचा वापर करीत नसत. केवळ स्वतःच्या राज्यवर्षाचा आकडा देत. प्रवरसेनाच्या दानपत्रांत तो महाराजाधिराज देवगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा पुत्र असल्याचे म्हटले आहे. हा देवगुप्त कोण, हे बराच काळ उलगडत नव्हते. जे. एफ्. फ्लीट यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुप्त लेखसंग्रहात तो मगधाच्या उत्तरकालीन गुप्त घराण्यातील देवगुप्त असावा असे मानले. त्यामुळे प्रवरसेन आणि त्याच्याबरोबर अवघे वाकाटक घराणे सातव्या शतकाच्या अखेरीस व आठव्या शतकात ढकलले गेले. ब्यूलर यांच्यासारख्या लिपितज्ज्ञांना हे लेख त्याहून जुने वाटत होते. परंतु केवळ अक्षरवटिकेवरून वाद मिटण्यासारखा नव्हता. पुण्यातील एका तांबट कुटुंबाच्या संग्रही असलेला प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट का. बा. पाठक यांनी १९१२ मध्ये उजेडात आणला आणि या प्रश्नाचा निकाल लागला. त्यात राणीने आपल्या पित्याचे नाव चंद्रगुप्त व पितामहाचे नाव समुद्रगुप्त असे स्पष्ट दिले आहे. देवगुप्त हे चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव ठरले. वाकाटकांचा काल सु. तीन शतके मागे गेला. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा काळ ठरविण्यासही त्यामुळे भक्कम आधार मिळाला. माहेरच्या वंशावळीचा तिने आग्रह धरला नसता, तर सासरच्या घराण्याचा काल आजही अनिश्चित राहिला असता. (पहा : वाकाटक घराणे).

प्रभावतीगुप्तेची माता कुबेरनागा ही नागकुळातील होती. तिच्या जन्माचे वर्ष वा विवाहाची तिथी कोठेही नोंदलेली नाही. हा विवाह बहुधा रुद्रसेनाचा पिता पहिला पृथिवीषेण याच्या कारकीर्दीत, चौथ्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झाला असावा. त्यामागील राजकीय हेतूविषयी इतिहासकारांत बरीच चर्चा झाली आहे. गुजरात व माळव्यातील शक क्षत्रपांवर मोहीम काढू पाहणाऱ्या उत्तरेकडील सम्राटाला विदर्भाचा राजा साहाय्यही करू शकत होता आणि उपद्रवही देऊ शकत होता, ही गोष्ट व्हिन्सेंट स्मिथ यांनी दाखवून दिली. चंद्रगुप्ताने शकांचा प्रदेश पाचव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत जिंकला, हे त्याच्या नाण्यांवरून व विदिशेजवळील उदयगिरीच्या लेखांवरून दिसते. तेव्हा या सोयरिकीचा त्याला उपयोग झाला असणे शक्य आहे. मात्र वाकाटकांनी शकांविरुद्ध प्रत्यक्ष सैन्य पाठविल्याचा लेखी पुरावा नाही. राजकन्या देऊन शेजारचे राज्य स्नेहबद्ध करण्याचा प्रघात वाकाटकांनाही नवा नव्हता. भारशिव नागांचा राजा भवनाग याची कन्या त्यांच्या घराण्यात पूर्वी आली होती आणि तिच्या पुत्राचा उल्लेख वाकाटक दानपत्रे भवनागाचा दौहित्र म्हणून अभिमानाने करतात.

रुद्रसेन फार काळ राज्य करू शकला नाही. नागपूर जिल्ह्यातील मांढळ येथे त्याच्या पाचव्या राज्यवर्षाचा ताम्रपट मिळाला आहे. त्यानंतरचा त्याचा लेख उपलब्ध नाही. वा. वि. मिराशी यांच्या कालगणनेनुसार तो इ. स. सु. ४०५ मध्ये वारला. अ. स. अळतेकरांनी त्याचा मृत्यू याहून सु. पंधरा वर्षे आधी मानला होता. मागे राहिलेले पुत्र वयाने लहान होते. ज्येष्ठ पुत्र दिवाकरसेन याला युवराज म्हणून पुढे करून राणीने नंदिवर्धन या राजधानीतून कारभार हाती घेतला. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळील हल्लीचे नगरधन होय.

पुणे ताम्रपट या कारभाराच्या तेराव्या वर्षाचा आहे. वाकाटकांच्या इतर दानपत्रांशी तो ताडून पाहिल्यास अनेक बाबतींत वेगळा दिसतो. वाकाटकांची नेहमीची लिपी पेटिकाशीर्षक आहे, म्हणजे तिच्या अक्षरांच्या डोक्यावर लहान चौकटी असतात; या पटाची अक्षरे बव्हंशी कीलशीर्षक, म्हणजे खिळ्याच्या माथ्यासारखी शीर्षे असलेली आहेत. राणीबरोबर मगधाकडून आलेल्या लेखनिकांचा हात यात असावा, असा तर्क करण्यात आला आहे. वंशावळ वाकाटकांची नसून गुप्तांची आहे. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त व दुसरा चंद्रगुप्त असा क्रम देऊन मग राणी स्वतःचा परिचय करून देते. ती धारण गोत्राची आहे असे म्हणते; हे गोत्र माहेरचे असून वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध होते. विवाहाने स्त्रीचे गोत्र बदलते, या स्मृतिकारांच्या नियमाचे येथे पालन झालेले नाही. नावाच्या अखेरीचा ‘गुप्ता’ हा घटकही तिने अखेरपर्यंत सोडला नाही. पिता महाराजाधिराज, तर पती केवळ महाराज, असा पदवींतील फरकही पटात राखलेला आहे. असे असूनही ती स्वतःला उभयकुलालंकारभूता, म्हणजे दोन्ही कुळांचे भूषण म्हणवते, रुद्रसेनाची अग्रमहिषी म्हणवते आणि युवराज दिवाकरसेनाची जननी म्हणवते. पटाच्या मुद्रेवरही हे शासन युवराजाच्या मातेचे असल्याचे कोरलेले आहे. तिचा अधिकार या मातृत्वातून आलेला होता. त्याला जोड मात्र पित्याच्या नावाची होती.

यावरून काही विद्वानांनी असा निष्कर्ष काढला की, या काळात वाकाटक राज्य गुप्त साम्राज्याचा जवळजवळ एक प्रांत बनले होते आणि राणी पाटलिपुत्राच्या सल्ल्याने चालत होती. हे मत जपूनच स्वीकारले पाहिजे. मिराशींचा कालानुक्रम ग्राह्य धरल्यास पुणे ताम्रपट सु. ४१८ मधील ठरतो. चंद्रगुप्ताचा अखेरचा ज्ञात लेख ४१२-१३ मधील सांचीचा असून त्याचा पुत्र पहिला कुमारगुप्त ४१५ मध्ये गादीवर होता. म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतरही राणीचा कारभार अबाधित चालू होता. शिवाय या पटात गुप्त संवत वापरलेला नाही. मांडलिकाच्या दरबारी साम्राज्याचा संवत येणे स्वाभाविक होते. येथे केवळ तेरावे वर्ष एवढेच म्हटले आहे. तेव्हा माहेरची वंशावळ ही पराधीनतेची खूण मानण्याऐवजी, विधवा राणीने सरदार व अधिकारी यांच्यासमोर मांडलेले स्वतःच्या प्रतिष्ठेचे प्रमाण मानणे अधिक सयुक्तिक होय.

पुणे ताम्रपटाने सुप्रतिष्ठ नावाच्या आहारातील (प्रशासकीय विभागातील) दंगुण हे गाव चनालस्वामी या आचार्यास दिले आहे. मिराशींनी दंगुण म्हणजे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट असे स्थलनिर्णयन केले. गावाच्या सीमा सांगताना विलवणक, शीर्षग्राम, कदापिंजन व सिदिविवरक ही शेजारची चार गावे दिली आहेत. दानासोबतच्या सवलतींची यादी त्या काळच्या ग्रामजीवनावर चांगला प्रकाश टाकते. या गावात शिपाई व राजपुरुष यांना प्रवेश नव्हता. दौऱ्यावरील अधिकाऱ्यांसाठी गुरांची वैरण, आसनासाठी कातडी व कोळसा पुरविण्याची सक्ती नव्हती. फुले व दूध वेठीने मागता येत नव्हते. गावातील भूमिगत ठेवे व निधी यांवर दानग्राहकाचा हक्क होता. ज्या गावांना अशी सूट नव्हती, त्या गावांच्या डोक्यावर कोणता भार होता, हे याच यादीवरून उलट वाचता येते. कुणब्याच्या घरातील वैरण व कोळसा यांचा हिशेब राजशासनात येतो, याचा अर्थ तो भार किरकोळ नव्हता.

दिवाकरसेन कधी राज्याभिषिक्त झाल्याचे दिसत नाही. तेराव्या वर्षीही तो युवराजच होता. पित्याच्या मृत्यूच्या वेळी तो तान्हा नसेल, तर या वेळी तो सज्ञान झालेला असला पाहिजे. राणीने सत्ता सोडली नाही, की राजपुत्र आजारी होता, याविषयी लेख मौन पाळतात. त्यानंतर त्याचे नाव पुन्हा आढळत नाही. पुढे दामोदरसेन आणि त्याच्यामागून प्रवरसेन गादीवर आले. दामोदरसेन व प्रवरसेन ही एकाच राजाची दोन नावे असावीत, असे काही विद्वानांचे मत होते. मिरेगाव ताम्रपटाने तो वाद मिटविला. प्रवरसेनाच्या विसाव्या राज्यवर्षाच्या या पटाच्या मुद्रेवर प्रभावतीगुप्तेला दोन पराक्रमी वाकाटक राजांची जननी म्हटले आहे.

रिद्धपूर ताम्रपट य. रा. गुप्ते यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. रिद्धपूर हे मराठी वाचकांस महानुभाव पंथाचे क्षेत्र म्हणून परिचित आहे. हा पट प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षाचा असून त्यावेळी पुत्राची राजधानी प्रवरपूर येथे गेली होती. (प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार, असे मिराशींचे मत, रामटेकजवळील मनसरच्या उत्खननानंतर काहींनी तेथे ते असल्याचे मांडले आहे). राणीने मात्र हे शासन रामगिरिस्वामीच्या चरणांपासून, म्हणजे रामटेकच्या देवस्थानातून काढले. पुत्र प्रौढ होता, राज्य करीत होता, स्वतः अनेक दानपत्रे देत होता. तरीही त्याची माता त्याच्या राज्यवर्षाचा आकडा घालून आपल्या नावाने जमीन व घर दान देऊ शकत होती आणि पटाच्या आरंभी पुन्हा गुप्तांचीच वंशावळ कोरवीत होती. लिपी मात्र आता वाकाटकांची पेटिकाशीर्षक आहे. ही दोन शासने शेजारी ठेवली की, तिचे स्थान केवळ तात्पुरत्या पालकाचे नव्हते, हे ध्यानी येते. दान दिलेले अश्वत्थनगर म्हणजे अचलपूरजवळील असतपूर, असे मिराशी मानतात.

या पटात राणीला लावलेले एक सामासिक विशेषण वादाचे ठरले आहे. त्यात शंभराहून अधिक वर्षांचा निर्देश असून पुत्र व पौत्र हयात असल्याचेही सूचित होते. आरंभीच्या वाचकांनी राणी त्यावेळी शंभरी ओलांडलेली होती असा अर्थ घेतला. कालगणनेशी हा अर्थ जमत नाही. तिचा पिता चौथ्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात गादीवर आला होता. पुत्रपौत्रांनी शंभर वर्षे जगावे अशी ती शुभेच्छा मानणे अधिक योग्य होय. राणी दीर्घायुषी होती, एवढे मात्र निश्चित. पतीच्या मृत्यूनंतर सु. चार दशके तरी ती हयात होती.

समकालीन जगाशी तुलना केल्यास रोमन राजकन्या गाला प्लासीडिया हिचे चरित्र येथे सहज आठवते. सम्राट पहिला थीओडोशियस याची ही कन्या ४१४ मध्ये नारबॉन येथे व्हिसिगॉथ राजा आटाउल्फ याच्याशी विवाहबद्ध होऊन त्या लोकांची राणी झाली. लवकरच विधवा होऊन ती रोमन दरबारी परतली आणि ४२५ ते ४३७ या काळात दुसऱ्या विवाहापासून झालेला अल्पवयी पुत्र तिसरा व्हॅलेंटिनियन याच्या नावे तिने पश्चिम रोमन साम्राज्याचा कारभार पाहिला. दोघींचे काळ जवळजवळ एकच. साम्राज्याची कन्या शेजारच्या सत्तेच्या घरी जाते आणि पुढे पुत्राच्या नावाने राज्य करते, हा सांधाही समान. भेद असा की, प्लासीडियाचे राज्य तिच्या माहेरचे होते; प्रभावतीगुप्तेने ते सासरी केले.

तिच्या धार्मिक प्रभावाची खूण वाकाटक राजांच्या बिरुदांत उमटली आहे. सासरा पृथिवीषेण स्वतःस अत्यंत माहेश्वर म्हणवीत असे. पती रुद्रसेनाला मात्र चक्रपाणीच्या, म्हणजे विष्णूच्या प्रसादाने श्री प्राप्त झाल्याचे वर्णन येते. मांढळ ताम्रपटातही त्याची विष्णुभक्ती दिसते. गुप्त सम्राट परमभागवत म्हणवीत, तेव्हा हा पालट पत्नीमुळे झाला, असे मानण्यास हरकत नाही. पुत्र प्रवरसेन पुन्हा परम माहेश्वर झाला. एका घरात दोन उपासना शांतपणे नांदल्या आणि राजमातेची विष्णुभक्ती रामगिरीवर चालू राहिली. पुणे व रिद्धपूर हे दोन्ही ताम्रपट कार्तिक शुद्ध द्वादशीचे आहेत. प्रबोधिनी एकादशीचा उपवास करून दुसऱ्या दिवशी पारण्याच्या वेळी तिने ही दाने देवाच्या चरणी निवेदन करून दिली असावीत. रामटेकला कार्तिकी पौर्णिमेची यात्रा आजही भरते; या दोहोंत अखंड परंपरा आहे असे सिद्ध करता येत नसले, तरी कार्तिकातील विष्णूपासना या टेकडीवर सोळाशे वर्षांपूर्वी होती, याला तिचे ताम्रपट साक्ष आहेत. टेकडीवरील वराह, त्रिविक्रम व नरसिंह यांची वाकाटककालीन देवस्थाने याच परंपरेतील होत. तेथील वराहाची भव्य मूर्ती पाहताना, चंद्रगुप्ताच्या काळी उदयगिरी येथे कोरलेल्या वराहाचे स्मरण अभ्यासकांना होते.

कालिदासाचा प्रभावतीगुप्तेशी संबंध जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेक होय, हे मिराशींनी विस्ताराने मांडले. चंद्रगुप्ताने आपल्या कन्येच्या साहाय्यार्थ कालिदासाला विदर्भात पाठविले व येथील वास्तव्यात त्याला या काव्याची प्रेरणा मिळाली, असे त्यांचे अनुमान आहे. प्रवरसेनाच्या नावावर असलेल्या सेतुबंध या माहाराष्ट्री प्राकृत महाकाव्याच्या रचनेत कालिदासाचा हात असल्याचे एका उत्तरकालीन टीकाकाराने म्हटले आहे. हे सर्व संभाव्य असले, तरी तिच्या तिन्ही ताम्रपटांत कालिदासाचे नाव नाही. शिवभक्त म्हणवणाऱ्या राजाने रामकथा काव्यासाठी निवडली, यात मात्र रामगिरीच्या उपासक मातेचा संस्कार पाहता येईल.

रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातील भिंतीवरील गिलावा दूर केल्यावर एक शिलालेख उघडा पडला. अ. प्र. जामखेडकर यांनी तो १९८६ मध्ये प्रसिद्ध केला व पुढे १९९३ मध्ये हान्स बक्कर आणि हारुनागा आयझॅक्सन यांनी त्याचे नव्याने वाचन केले. लेख बराच झिजलेला असून त्याचा अर्थ काही ठिकाणी अनुमानानेच लावावा लागतो. बक्कर यांच्या मते तो प्रभावतीगुप्तेच्या मृत्यूनंतरचा असून तिच्या कन्येने मातेच्या पुण्यस्मरणार्थ हे देवालय उभारले व देवाला प्रभावतीस्वामी असे नाव दिले. याच कन्येचा विवाह तिचा मामा घटोत्कचगुप्त याच्याशी झाला असावा, असेही ते सुचवितात. तसे असेल, तर गुप्त-वाकाटक सोयरीक एका पिढीवर थांबली नव्हती. सुदर्शन नावाच्या तलावाचा निर्देशही या लेखात आहे.

नगरधन येथे महाराष्ट्र शासनाचा पुरातत्त्व विभाग व पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी २०१५ ते २०१८ या काळात केलेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेचा मातीचा अंडाकृती मुद्रांक मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत तिचे नाव असून सोबत शंखाचे चिन्ह आहे. त्याची लांबी सु. ३६ मिमी. व वजन सु. ६·४ ग्रॅ. आहे. असे मुद्रांक पत्रांवर वा मालाच्या गाठोड्यांवर उमटवीत. ताम्रपट दानाच्या प्रसंगी क्वचित निघे. हा मातीचा ठसा दैनंदिन व्यवहाराचा असून त्यावर ना पतीचे नाव आहे, ना पुत्राचे.